बी.एड. कॉलेजातला सूर्य

गावच्या वाण्याच्या गल्ल्यावर पाटी असायची : ‘आज रोख, उद्या उधार’. लहानपणी मी ती खरी धरून दुसऱ्या दिवशी लिमलेटच्या गोळ्या उधारीवर आणायला गेले होते. वाण्याने तोंडातून शब्द न काढता पाटीकडे बोट दाखवलं. गेली सत्तर वर्षं हीच पाटी फ्यूजनच्या दारावर लटकते आहे. सूर्य हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत घालून उष्णता काढतो. तशी आपण इथे काढायची आणि तिच्यावर वीज करायची. अनुदान आज. वीज उद्या.

पाटी आठवायला निमित्त झालं आमच्या ब्लॉकखालचं कॉफीशॉप.

आम्ही बिशानला राहतो. सिंगापूरच्या बरोबर पोटातली ही शहाणी वस्ती. रॅफल्स इन्स्टिट्यूशन इथे, कॅथलिक हाय इथे, स्टेशनाला खेटून जंक्शन एट मॉल, पार्कातल्या कालांग नदीत पाणमांजरं, आणि जिथे मान वळवाल तिथे ट्यूशन सेंटर. ही सगळी शहाणपणाची वसाहत उभी आहे ती कबरस्तानावर. 1870 पासूनची पेक सान थेंग ही कॅन्टनी मंडळींची दफनभूमी सरकारने ताब्यात घेतली, हाडं हलवली आणि वर घरं बांधली. 1987 साली इथे मेट्रो आली. तेव्हापासून बिशान स्टेशनात रात्रीच्या शेवटच्या गाडीत भुतं चढतात, असं इथल्या टॅक्सीवाल्यापासून इंजिनियरपर्यंत कुणीही शपथेवर सांगेल.

तर भुतांवर पूर्ण विश्वास असलेल्या या वस्तीत रविवारी सकाळी आमची चार मराठी बिऱ्हाडं कोपी प्यायला जमतात. विषय ठरलेले. घरांचे भाव, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतलं नाटक, आणि कुणाच्या मुलाला काय मिळालं. त्या रविवारी माझ्या लेकीने चहात बिस्किट बुडवावं इतक्या सहज सांगितलं, ‘‘मला प्लाझ्मा फिजिक्स करायचंय.’’

टेबलावर शांतता. मग बँकेतल्या काकांनी घसा साफ केला.

‘‘अगं, त्या फ्यूजनमधून वीज कधी येणार?’’

‘‘माहीत नाही, काका.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? एनटीयूत लॅब आहे. एनआयईमध्ये. तिथे छोट्या यंत्रात फ्यूजन करतात, न्यूट्रॉन मोजतात.’’

‘‘एनआयई?’’ काकूंचा कप अर्ध्यावर थांबला. ‘‘म्हणजे जिथे मास्तर बनवतात, ते?’’

तेच. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन. सिंगापूरच्या शाळांतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं ती संस्था, नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे एनटीयूच्या, आवारातली. आपल्या भाषेत बी.एड. कॉलेज. आणि त्या बी.एड. कॉलेजात, ‘नॅचरल सायन्सेस अँड सायन्स एज्युकेशन’ अशा साध्यासुध्या नावाच्या विभागात, प्लाझ्माची प्रयोगशाळा आहे. एका दालनात उद्याच्या बाई फळ्यावर सुवाच्य कसं लिहावं ते शिकतायत, आणि त्याच इमारतीत कुणीतरी सूर्याचा तुकडा पेटवून विझवतोय. काकूंना हे अजून पचलेलं नाही. मला मात्र ही सिंगापूरने नकळत केलेली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

यंत्राचं नाव ‘प्लाझ्मा फोकस’. दिसायला अगदीच बापुडं. मधे तांब्याची नळी, तिच्याभोवती सहा दांड्या, वर हवा काढून घेतलेलं भांडं, त्यात चिमूटभर वायू, आणि बाजूला एक जाडजूड कपॅसिटर. तो पंधरा हजार व्होल्टपर्यंत भरायचा आणि एकदम सोडायचा. फट् असा आवाज होतो. वायूच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणजेच वायूचा प्लाझ्मा होतो. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये असतो तोच, फक्त जास्त भडकलेला. त्या प्लाझ्माचा पदर नळीच्या टोकापर्यंत धावतो आणि तिथे स्वतःच्याच चुंबकीय मुठीत चिरडला जातो. त्या ठिपक्यात तापमान कोटीच्या घरात जातं. टिकतं सेकंदाच्या काही कोटींव्या भागापुरतं. भांड्यात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरला असेल तर तेवढ्यात त्याची काही केंद्रकं खरोखर एकमेकांत मिसळतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. फ्यूजन झालं. बी.एड. कॉलेजात.

आता हिशेब. बँकेतले काका आहेतच समोर.

आत घातलेली ऊर्जा सुमारे तीन हजार ज्यूल. एवढ्यात कपभर चहाचं पाणी जेमतेम पाच अंशांनी तापतं. पण ती तीन मायक्रोसेकंदांत ओतली जाते, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती त्या टेबलावर तारापूरच्या 540 मेगावॉटच्या दोन्ही अणुभट्ट्यांइतकी ताकद असते. बाहेर काय येतं? एका शॉटला साधारण दहा कोटी न्यूट्रॉन. दहा कोटी ऐकून काकांचे डोळे चमकले. त्या दहा कोटींमागच्या फ्यूजनची ऊर्जा ज्यूलच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरते. तीन हजार रुपये गुंतवा, पैशाचा शंभरावा हिस्सा परत घ्या. काकांचे डोळे विझले, प्लाझ्मापेक्षा जरा हळू.

आणि या यंत्राचं मोठेपण काय, तर त्याने हा हिशेब कधी लपवलाच नाही.

थोरामोठ्यांकडे बघा. 5 डिसेंबर 2022 ला कॅलिफोर्नियात 192 लेझर किरणांनी मिरीएवढ्या गोळीला झोडपलं. 2.05 मेगाज्यूल आत, 3.15 बाहेर. पहिल्यांदाच घातल्यापेक्षा जास्त निघालं, आणि विज्ञान म्हणून ते खरंच मोठं होतं. पण ते लेझर पेटवायला भिंतीतल्या तारेतून सुमारे 300 मेगाज्यूल वीज ओढली होती, ते बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. इथे चार आण्यांच्या कोंबडीला सुमारे पंचवीस रुपयांचा मसाला लागला, आणि जगभर पेढे वाटले गेले ते फक्त हळदीचा खर्च धरून.

वायद्यांची तर परंपराच आहे, आणि तिचा एक थोर मानकरी मुंबईचा. 1955 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची पहिली मोठी परिषद भरली. अध्यक्षस्थानी होमी भाभा. त्यांनी भाकीत केलं की, पुढच्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा नियंत्रितपणे मोकळी करण्याची रीत सापडेल. दोन दशकं म्हणजे 1975. त्या साली ‘शोले’ आला. फ्यूजन आलं नाही. भाभांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी निदान आकडा सांगण्याची हिंमत केली. पुढच्यांनी शहाणपणाने ‘अजून तीस वर्षं’ हा आकडा धरला आणि दर वर्षी तोच ठेवला.

मग आलं ‘ईटर’, फ्यूजनचं यंत्र. फ्रान्समध्ये, सात भागीदारांचं. नोव्हेंबर 2006 मध्ये पॅरिसला करार झाला तेव्हा भारतातर्फे सही केली अनिल काकोडकरांनी. पहिला प्लाझ्मा 2016 ला, असं तेव्हा ठरलं होतं. मग 2025. आता संशोधनाची सुरुवात 2034 ला, आणि खरं इंधन घालून फ्यूजन 2039 ला. 2011 पासून मुंबई-गोवा महामार्गाच्या तारखा पाठ करत आलेला कोकणी माणूस या वेळापत्रकाला हसणार नाही. तो फक्त विचारेल, खड्डे किती? आपल्याकडचं सामान मात्र पोचलं हं. त्या यंत्राचं 3,850 टनांचं पोलादी भांडं, क्रायोस्टॅट, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला घडवून तुकड्यातुकड्यांनी बोटीने पाठवलं. स्वयंपाक होवो न होवो, पातेलं आपलं आहे.

सिंगापूरला या सगळ्यात पडायची हौस का? कारण या देशाकडे ना कोळसा, ना मोठी नदी, ना पवनचक्क्यांना वारा, ना सौरपट्ट्यांना जागा. इथली सुमारे 95 टक्के वीज बाहेरून आणलेल्या नैसर्गिक वायूवर होते. माझ्या डोक्यावरचा पंखा इंडोनेशिया आणि मलेशियाच्या नळीवर फिरतो. 2012 साली सरकारनेच अणुऊर्जेचा प्राथमिक अभ्यास करून सांगितलं की, तेव्हाच्या अणुभट्ट्या या चिमुकल्या, दाट वस्तीच्या बेटाला झेपणाऱ्या नाहीत. ते बरोबरच होतं. इथे भट्टीपासून लांब जायचं म्हटलं तर माणूस जोहोरला, म्हणजे मलेशियात पोचतो. म्हणून आता नजर पुढच्या पिढीच्या तंत्राकडे. त्यात एनटीयूने फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाशी हात मिळवून फ्यूजनचा कार्यक्रम काढला आहे. प्लाझ्मातल्या खळबळीवर आयुष्य घालवलेले फ्रेंच शास्त्रज्ञ झाविए गार्बे त्याचं नेतृत्व करतात. कार्यक्रमाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून शब्द झालाय ‘सेफ’. झोपाळ्यावरसुद्धा सूचनाफलक लावणाऱ्या देशात याहून लाडकं नाव सापडलं नसतं.

फ्रेंचांच्या ‘वेस्ट’ या यंत्राने 12 फेब्रुवारी 2025 ला प्लाझ्मा 1,337 सेकंद सलग धरून ठेवला. बावीस मिनिटं. बिशानहून सर्कल लाइनने ब्योना व्हिस्टा गाठून गाडी बदलायला मला तेवढाच वेळ लागतो. तुम्ही म्हणाल, एवढंच? पण आत कोट्यवधी अंशांची वाफ, भिंतीला टेकली की विझणार, आणि मधे धरून ठेवायला फक्त चुंबकाचे अदृश्य हात. आमच्याकडे पुरणपोळीचं सारण दोन मिनिटं लक्ष चुकलं तर बुडाला लागतं. बावीस मिनिटांना मी हसणार नाही.

पण मला बोलायचंय ते मास्तरांबद्दल.

काकूंनी ज्या सुरात ‘मास्तर’ म्हटलं ना, तो सूर मला ओळखीचा आहे. माझे वडील शाळेत शिक्षक होते. ‘काही नाही मिळालं तर बी.एड. कर’ हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात प्रत्येक मुलीला एकदा तरी ऐकवलं गेलंय. म्हणून या बी.एड. कॉलेजातल्या यंत्राची वंशावळ सांगते.

1985-86 साली क्वालालंपूरला, मलाया विद्यापीठात, सिंग ली नावाच्या प्राध्यापकांनी संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या मदतीने एक शिबिर घेतलं. आशिया-आफ्रिकेतले तरुण प्राध्यापक आले. त्यांच्या विद्यापीठांत फ्यूजनचं यंत्र म्हणजे पुस्तकातलं चित्र. अमेरिकेतली यंत्रं मिळण्यासारखी नव्हती, मिळाली तर परवडणारी नव्हती, परवडली तर बिघडल्यावर दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. सिंग लींनी मोठं यंत्र बांधलं नाही. त्यांनी लहान, स्वस्त आणि त्याच माणसांना स्वतःच्या हातांनी जोडता-उघडता येईल असं यंत्र आखलं, हेच ते तीन हजार ज्यूलवालं. नुसती व्याख्यानं देऊन प्रमाणपत्रं वाटली नाहीत. यंत्रच पुढ्यात ठेवलं, जोडायला लावलं, मापं घ्यायला लावली, आणि ‘आता घरी घेऊन जा’ म्हणाले. 1988 साली या मंडळींनी आशियाई-आफ्रिकी प्लाझ्मा प्रशिक्षण संघटना काढली. त्या जातीचं एक यंत्र दिल्ली विद्यापीठात पोचलं. तिथे त्यावर पीएच.डी. केलेले राजदीपसिंग रावत पुढे सिंगापूरला एनआयईत आले. सिंग ली स्वतःही तिथेच आलेले होते. एका शिक्षकाने पेटवलेली ठिणगी फिरून त्याच्याच अंगणात परत आली. हे सगळं झालं एका किलोवॅट-तासाचीसुद्धा वीज न विकता.

आता वीज नाही म्हणजे हाती काहीच नाही, असंही नाही. याच घराण्यातलं ‘एनएक्स टू’ हे यंत्र 1990 च्या दशकात इथे उभं राहिलं. त्यात ड्यूटेरियमऐवजी निऑन भरायचा, सेकंदाला सोळा शॉट मारायचे आणि त्या क्ष-किरणांनी संगणकाच्या चिपवर बारीक नक्षी कोरता येते का ते बघायचं. बाजार या यंत्राकडे गेला नाही, वेगळ्या वाटेने गेला. पण गेला प्लाझ्माकडेच. आज सगळ्यात बारीक चिपा कोरणाऱ्या डच यंत्रांत वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर, सेकंदाला पन्नास हजार, लेझर मारून प्लाझ्मा करतात आणि त्याच्या उजेडात नक्षी उमटते. नवा फोन हातात घेऊन ‘प्लाझ्माचा उपयोग काय’ विचारणाऱ्या काकांना हे मी सांगितलं. त्यांनी फोन उलटा ठेवला.

पुण्याचंही सांगायला हवं. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुधा भोरासकर यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्लाझ्मा वापरून पदार्थांचे पृष्ठभाग बदलण्यावर, नॅनोकण बनवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. सूर्य आणण्याचा वायदा नाही, त्यामुळे पहिल्या पानावर फोटोही नाही. गणेशखिंडीतून रोज गाडी हाकणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, ते तुम्हीच एकमेकांना विचारा. वायदे मोडणाऱ्यांना आम्ही नावानिशी ओळखतो. वायदाच न करता काम करणाऱ्यांची ओळख करून घ्यायला कुणाला सवड आहे?

बिशानची गंमत तर याहून वरची. इथे एक शब्द आहे, ‘किआसू’. होक्कियन भाषेतला, अर्थ, मागे पडण्याची भीती. कॉफीशॉपात टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवणं हे त्याचं बाळरूप, आणि पहिलीतल्या पोराला तीन ट्यूशन लावणं हे विराटरूप. आम्ही मराठी माणसं ही भाषा न शिकता हा शब्द तेवढा बरोबर शिकलो. लेकीच्या फिजिक्सच्या ट्यूशनसाठी मी स्वतः प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं. यादीत! शिक्षकासाठी! माणूस उत्तम शिकवतो, आधी सरकारी शाळेत होता, त्यामुळे घडला कुठे हे सांगायला नको. आमच्या घरी त्याचं महिन्याचं बिल विजेच्या बिलापेक्षा जास्त येतं.

हेही मी त्या टेबलावर बोलून दाखवलं. मास्तर म्हणजे हलकं काम असेल तर आपण सगळे दर शनिवारी त्यांच्या दारात पाकीट घेऊन का उभे असतो? काकू म्हणाल्या, ‘‘ते वेगळं.’’ वेगळं ते कसं, हे विचारेपर्यंत पोहे आले.

बँकेतले काका मात्र हरणारे नव्हते. पोहे संपल्यावर त्यांनी लेकीला पुन्हा गाठलं. ‘‘बरं, वीज राहू दे. तुझ्या हाताला काय लागणार?’’

ती म्हणाली, ‘‘काका, ते यंत्र बिघडलं तर उघडता येईल मला.’’

काका बँकेत ‘जोखीम व्यवस्थापन’ बघतात. त्यांच्या खात्यातलं काहीही बिघडलं की बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. ते गप्प बसले आणि त्यांनी दुसरी कोपी मागवली, बिनसाखरेची.

लेकीचं अजून काही नक्की नाही. पुढच्या महिन्यात तिला सागरी जीवशास्त्र करावंसं वाटेल, पाणमांजरांमुळे. तिने काय करावं हा तिचा प्रश्न. पण या सदराच्या वाचकांपैकी कुणी सिंगापुरात असेल आणि घरात असं एखादं पोर असेल, तर विद्यापीठाने लोकांसाठी दारं उघडली असतील त्या दिवशी त्याला घेऊन जा. बिशानहून सर्कल लाइनने ब्योना व्हिस्टा, तिथून हिरव्या लाइनने बून ले, मग 179 नंबरची बस. तास-सव्वातास धरा. शॉटच्या वेळी कानावर हात ठेवायला सांगा. आणि तुम्ही सोबत असाल तर कृपा करून तिथल्या मास्तरांना ‘वीज कधी येणार’ एवढं मात्र विचारू नका. त्यांनी ते ऐकलेलं आहे.